लातूरची तहान, लिटरमागचे दोन रुपये

१ ऑक्टोबर २०१५ पासून महाराष्ट्रात पेट्रोल आणि डिझेल लिटरमागे दोन रुपयांनी महागले. राज्य मंत्रिमंडळाने आदल्या दोन दिवसांत तसा निर्णय घेतला होता. त्याच निर्णयात दारू, सिगारेट आणि शीतपेयांवरचा मूल्यवर्धित कर पाच टक्क्यांनी वाढला, सोन्या-हिऱ्यांवरचा एक टक्क्यावरून १.२ टक्क्यांवर गेला. उरलेल्या आर्थिक वर्षात यातून १,६०० कोटी रुपये मिळतील, असा अंदाज सरकारने मांडला. कारण एकच दिले होते, दुष्काळ. मराठवाड्यात सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता आणि सरासरीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास पाऊस कमी पडला होता. ऑक्टोबरच्या मध्यावर राज्यातल्या १४,७०८ गावांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर झाली.

दुष्काळ २०१६ च्या पावसाळ्यात ओसरला. करवाढ मात्र ओसरली नाही. पुढच्या सात वर्षांत ती वाढत गेली, तिला वेगवेगळी कारणे जोडली गेली आणि एका टप्प्यावर तिच्यात चक्क पर्यावरणाच्या नावाचा एक रुपया मिसळला. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर चाळीस वर्षे मागे जावे लागते. संकटाच्या नावाने कर बसवायचा, ही महाराष्ट्राची जुनी रीत आहे आणि तिची सुरुवात मराठवाड्याला चांगली आठवते.

बहात्तरचा दुष्काळ म्हटले की नांदेड-लातूरकडच्या म्हाताऱ्या माणसांना आजही मिलो आठवतो. अमेरिकेतून आलेली ती लालसर ज्वारी, तिची न फुगणारी भाकरी, कामावर वाटली जाणारी सुकडी, रस्त्याकडेला खडी फोडत बसलेली बायामाणसे, मुकादमाचा हजेरीपट. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे होती. लातूर तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. उस्मानाबादेतून तो १९८२ मध्ये निघाला. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशी कामे त्या दोन वर्षांत उभी राहिली, आणि त्यातून एक प्रश्नही उभा राहिला. दुष्काळ आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा मागेल त्याला काम देण्याची हमीच कायद्याने का देऊ नये? विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात १९६५ मध्ये असा प्रयोग करून पाहिला होता. बहात्तरच्या अनुभवाने त्या प्रयोगाला बळ मिळाले. १९७७ मध्ये रोजगार हमी कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला.

हमीला पैसा लागतो. तो उभा करण्याची रचना कायद्याच्या आधीच झाली होती. १ एप्रिल १९७५ पासून राज्यात व्यवसाय कर सुरू झाला. तेव्हा मुख्यमंत्री होते नांदेडचे शंकरराव चव्हाण. त्यांनी त्याच फेब्रुवारीत सूत्रे घेतली होती. व्यवसाय कराला वाहनकर आणि विक्रीकरातली जादा आकारणी, शेतसाऱ्यावरचा अधिभार, शहरांतल्या बिगरनिवासी जमिनींवरचा कर आणि बागायती जमिनीवरची विशेष आकारणी यांची जोड होती. ज्याच्या रानात पाटाचे पाणी आहे त्याने, ज्याच्या रानात काहीच नाही त्याच्यासाठी थोडे द्यावे, हा शेवटच्या आकारणीमागचा विचार होता. या करांतून जेवढे जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची आणि सगळे रोजगार हमी निधीत ठेवायचे, असे कायद्यातच लिहिले होते.

व्यवसाय कराचा अंदाज बांधणे तुलनेने सोपे. पगारदार किती, व्यावसायिक किती, हे मोजता येते, आणि कराला संविधानानेच कमाल मर्यादा घातलेली आहे. माणशी वर्षाला २५० रुपयांची ती मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीने २,५०० वर गेली. आजही नांदेडच्या शिक्षकाच्या किंवा लातूरच्या बँक कर्मचाऱ्याच्या पगारपत्रकात अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात. बेरीज बरोबर २,५०० भरते. ती कपात बहात्तरच्या दुष्काळातून आलेली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

या निधीचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. शहरे वाढली, पगार वाढले, करही वाढत गेला. त्या मानाने कामांवरचा खर्च वाढला नाही. अनेक वर्षे निधीत जमा जास्त आणि खर्च कमी, अशी अवस्था राहिली आणि शिलकीवरून विधिमंडळात वाद होत राहिले. तरी एक गोष्ट त्या रचनेत पक्की होती. पैसा कशासाठी घेतला आणि किती जमला, हे विचारायला एक खाते होते. २०१५ च्या दोन रुपयांना असे खाते नव्हते. ते मूल्यवर्धित कराचा भाग म्हणून राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जात होते.

मधल्या काळात पर्यावरणाच्या नावाने दोन कर आले. दोन्ही २०१० चे. पहिला केंद्राचा, कोळशावर टनामागे ५० रुपये. तो वाढत वाढत २०१६ पर्यंत ४०० रुपयांवर गेला. स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून घेतलेल्या या उपकरातून २०१०-११ ते २०१७-१८ या काळात ८६ हजार कोटींहून अधिक रुपये जमले. त्यासाठी काढलेल्या निधीकडे त्यातले तीस हजार कोटींहून कमी गेले आणि प्रत्यक्ष प्रकल्पांना मिळाले सुमारे १६ हजार कोटी. वस्तू व सेवा कर आला तेव्हा हा उपकर राज्यांच्या भरपाईत विलीन झाला.

दुसरा कर महाराष्ट्राचा, जुन्या वाहनांवरचा पर्यावरण कर. पंधरा वर्षांवरच्या दुचाकीला तेव्हा पाच वर्षांसाठी २,००० रुपये, पेट्रोल मोटारीला ३,०००, डिझेल मोटारीला ३,५००. मालवाहू गाड्यांना तो आठ वर्षांनंतरच लागू होतो. या कराची चाल उलटी आहे. मंदीत किंवा दुष्काळात माणूस नवी गाडी घेत नाही, जुनीच ओढतो, त्यामुळे कर भरणाऱ्या गाड्या वाढतात. सुगीच्या वर्षी शोरूममधून निघालेली मोटारसायकल पंधरा वर्षांनी या कराच्या कक्षेत येते. म्हणजे आजचा अंदाज बांधायचा तर दीड दशकापूर्वीची सुगी पाहावी लागते. इंधनाचे तसे नाही. चाक फिरले की त्याच दिवशी कर जमा होतो. म्हणून जगभर पर्यावरण करांची बेरीज करताना सगळ्यात मोठा आकडा इंधनावरच्या करांचा निघतो, आणि अडचणीतल्या सरकारचा हात पहिल्यांदा तिकडेच जातो.

२०१५ मध्ये असा हात घालायला आणखी एक कारण होते. २०१४ च्या मध्यापर्यंत कच्चे तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होते. जानेवारी २०१६ मध्ये ते तिसाच्या खाली आले. मूल्यवर्धित कर किमतीच्या टक्क्यांत असतो. किंमत उतरली की करही उतरतो. लिटरमागे ठरावीक रुपये घेतले तर किमतीचे काहीही होवो, लिटर विकले गेले की पैसे आले. स्वस्त तेलाच्या दिवसांत दोन रुपयांची वाढ पंपावर फारशी बोचतही नाही. तिजोरीच्या दृष्टीने हिशेब चोख होता.

पण १,६०० कोटींचा आकडा फक्त मार्च २०१६ पर्यंतचा होता. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी १०,५१२ कोटींचे पॅकेज जाहीर केले. महिनाअखेर केंद्राने ३,०४९ कोटी मंजूर केले. गरजेचे आकडे असे मोठमोठे होते आणि ते खरेही होते. त्या एका वर्षात मराठवाड्यात हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी जीव दिला. अशा वेळी दोन रुपये किती काळ घ्यायचे, पाऊस पडल्यावर त्यांचे काय करायचे, हा प्रश्न कोणाच्या तोंडी येणे कठीणच होते. मला वाटते, पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ तिथे आहे. अंदाज गरजेवरून बांधला गेला. कर मात्र गरजेवर नव्हता, चाकांवर होता.

२०१६ चा उन्हाळा लातूरने कसा काढला, हे देशाने पाहिले. केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण आटले होते. डोंगरगाव, भंडारवाडीच्या बंधाऱ्यांतून मिळेल तेवढे पाणी टँकरने फिरत होते. सुमारे चार लाखांच्या शहरात टाक्यांभोवती हाणामाऱ्या होऊ लागल्या, तेव्हा मार्चच्या मध्यावर पाणी भरण्याच्या जागांवर जमावबंदी लागली. शिकवणी वर्गांसाठी आलेली मुले वसतिगृहे सोडून गावाकडे परतू लागली.

११ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची गाडी निघाली. राजस्थानातल्या कोट्याच्या कार्यशाळेत तेलाच्या त्या वाघिणी धुऊन आणल्या होत्या. मिरजेच्या रेल्वे आवारातल्या हैदरखान विहिरीजवळ कृष्णेचे पाणी त्यांत भरले होते. ३४२ किलोमीटर अंतर कापून गाडी १२ एप्रिलच्या पहाटे लातूरला पोहोचली. तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते. आठवडाभरात पन्नास वाघिणींची गाडी आली आणि एका फेरीला पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले. ती धावली तो मार्ग मुळात बार्शी लाइट रेल्वेचा. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याची ही अरुंद रुळांची गाडी १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली होती. चालू शतकाच्या पहिल्या दशकात हे रूळ रुंद झाले नसते तर तेवढ्या अवजड वाघिणी लातूरपर्यंत आल्याच नसत्या.

ऑगस्टपर्यंत शंभरावर फेऱ्या होऊन सुमारे २६ कोटी लिटर पाणी लातूरला आले. मध्यंतरी, ६ कोटी २० लाख लिटर झाले तेव्हा, रेल्वेने जिल्हा प्रशासनाकडे ४ कोटी रुपयांचा हिशेब पाठवला होता. लिटरमागे तो ६५ पैशांच्या आत पडतो. म्हणजे नांदेडच्या किंवा नाशिकच्या पंपावर एक लिटर पेट्रोल घेणाऱ्याने दिलेल्या दोन रुपयांत लातूरसाठी तीन लिटर पाण्याचे भाडे सुटत होते. लोकांनी ते दोन रुपये कुरकुर न करता दिले. लातूरचे रिकामे हंडे रोज टीव्हीवर दिसत होते.

त्याच वर्षी पाऊस आला, आणि भरपूर आला. सप्टेंबर-ऑक्टोबरात मांजरा भरले. सोयाबीन चांगले झाले आणि तुरीचे विक्रमी पीक आले. आदल्या वर्षी दुष्काळामुळे तूर आकाशाला भिडली होती, म्हणून शेतकऱ्यांनी तीच पेरली होती. मग ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि त्यानंतर बाजारात तुरीचा लोंढा आला. लातूरच्या आडत बाजारात भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली गेला. सरकारी खरेदी केंद्रांवर बारदाना संपला आणि ट्रॅक्टर रांगेत उभे राहिले. रान सावरले होते, शेतकऱ्याचा खिसा सावरला नव्हता. तरी नांगरट, पेरणी, मळणी, बाजाराची खेप, उसाची वाहतूक हे सगळे डिझेलवर चालते. तूर हमीभावाखाली विकणाऱ्याने बाजारात येण्या-जाण्याच्या प्रत्येक लिटरला पुरेपूर कर दिला. उत्पन्नावरचा कर तोट्याच्या वर्षी थांबतो. इंधनावरचा कर तोटा विचारत नाही.

आता दुष्काळाच्या नावाचा हा अधिभार उतरायला हवा होता. विरोधक विधिमंडळात आणि बाहेर तेच विचारत होते. उतरला नाही, कारण तोवर त्याच्यावर दुसरी ओझी पडली होती. महामार्गापासून पाचशे मीटरच्या आतली दारूची दुकाने १ एप्रिल २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली आणि उत्पादन शुल्काला खिंडार पडले. पेट्रोलवरचा अधिभार तोवर सहा रुपयांवर गेला होता, त्या एप्रिलात तो नऊ रुपये झाला. मेच्या मध्यावर तेल कंपन्यांनी पेट्रोल दोन रुपयांहून थोडे अधिक उतरवले, आणि लगेच राज्याने दोन रुपये वाढवून अधिभार अकरावर नेला. जूनमध्ये पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि महिन्याच्या शेवटी ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली. १ जुलैला वस्तू व सेवा कर लागू झाला.

हा शेवटचा बदल सगळ्यात खोल गेला. राज्याच्या हातातले बहुतेक कर त्यात गेले. पेट्रोल, डिझेल आणि दारू बाहेर राहिली. नव्या व्यवस्थेत राज्यांचे उत्पन्न २०१५-१६ च्या पायावर दरसाल १४ टक्क्यांनी वाढेल, असे गृहीत धरून पाच वर्षे भरपाईची हमी कायद्याने दिली. एवढा भक्कम अंदाज भारतात दुसऱ्या कोणत्या कराला क्वचितच मिळाला असेल. पण अडीनडीला स्वतःच्या निर्णयाने दर वाढवायचा, तर इंधनाशिवाय फार काही उरले नव्हते. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राच्या कपातीनंतर राज्याने पेट्रोल दोन रुपयांनी आणि डिझेल एका रुपयाने उतरवले. अधिभार मुळासकट काढण्याची वेळ टळली ती टळलीच.

खर्चाची बाजूही पाहिली पाहिजे. दुष्काळमुक्तीसाठी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर ९,६३३ कोटी रुपये खर्च झाले. सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने म्हटले की एवढे करूनही पाण्याची गरज भागली नाही आणि भूजल पातळीत अपेक्षित वाढ झाली नाही. अहवालावर राजकारण झाले. दोन रुपयांतले किती रुपये कोणत्या बंधाऱ्यात गेले, हे मात्र त्यातूनही कळणे शक्य नव्हते, कारण तसे लिहूनच ठेवलेले नव्हते.

पर्यावरणाचा रुपया आला तो ६ मार्च २०२० रोजी. उद्धव ठाकरे सरकारचा पहिला अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री अजित पवारांनी हरित निधीसाठी पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे एक रुपया जादा कर सुचवला आणि त्यातून वर्षाला १,८०० कोटी रुपये अपेक्षित असल्याचे सांगितले. हा आकडा मला मोलाचा वाटतो, कारण त्यातून सरकारच्या मनातले माप उघड होते. एका रुपयाला १,८०० कोटी, म्हणजे वर्षाला १,८०० कोटी लिटर, महिन्याला दीडशे कोटी. याच मापाने २०१५ चे दोन रुपये तपासले, मधल्या पाच वर्षांतली वाढ वजा केली, तरी दिसते की त्या १,६०० कोटींतला सिंहाचा वाटा इंधनाचा होता आणि पुढच्या पूर्ण वर्षात तो जवळपास दुप्पट होणार होता.

अंदाज मांडून तीन आठवडेही झाले नव्हते आणि २५ मार्चपासून कोरोनामुळे देश बंद झाला. लातूरच्या गंजगोलाईत शुकशुकाट पसरला. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेले हजारो यात्रेकरू अडकून पडले, त्यांना न्यायला पंजाबातून बसगाड्या आल्या. दीडशे कोटी लिटरांचा महिना कागदावरच राहिला. कोसळलेल्या तेलाच्या किमतीचा फायदा घेत मेच्या पहिल्या आठवड्यात केंद्राने पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा रुपये उत्पादन शुल्क वाढवले. राज्याने १ जूनपासून आणखी दोन रुपये लावले. मधले चढउतार धरून आता पेट्रोलवर टक्क्यांतल्या कराखेरीज १० रुपये १२ पैसे झाले आणि डिझेलवर ३ रुपये. त्या तीन रुपयांतला एक हरित होता, दोन टाळेबंदीचे. पावतीवर तिन्ही सारखेच.

सावरण्याचा काळ आला तो सगळीकडे सारखा आला नाही. राज्याच्या आर्थिक पाहणीने २०२०-२१ साठी अर्थव्यवस्था ८ टक्क्यांनी आक्रसेल, पण शेती ११.७ टक्क्यांनी वाढेल असे म्हटले होते. मुंबई-पुण्याची कार्यालये बंद असताना लातूर-नांदेडची शिवारे चालू होती. मराठवाड्याने त्या वर्षी राज्याचा गाडा ओढायला हात लावला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. २०२१ मध्ये तेल पुन्हा चढले आणि टक्क्यांतला कर किमतीबरोबर वाढला. मनमाडच्या डेपोतून लांबचे अंतर कापून इंधन येते त्या परभणीत मे महिन्यात पेट्रोल शंभरावर गेले. लिटर परतले, किंमत चढली आणि ठरावीक रुपये जसेच्या तसे राहिले. तिजोरीला तिन्हीकडून मिळत होते.

ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनने दहा हजारांचा पल्ला गाठला आणि काढणीला येईपर्यंत भाव निम्म्यावर आला. सप्टेंबरच्या शेवटी गुलाब चक्रीवादळाचे अवशेष मराठवाड्यावर बरसले. ज्या मांजरा धरणाच्या कोरड्या तळामुळे पाच वर्षांपूर्वी रेल्वे धावली होती, त्याचे दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठची रानेच्या राने खरवडून गेली. ऑक्टोबरात सरकारने दहा हजार कोटींची मदत जाहीर केली. हरित निधीसारखी तरतूद नेमकी अशाच वेळी नावानिशी समोर यायला हवी होती. मदत आली ती पुन्हा सर्वसाधारण तिजोरीतून.

नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने शुल्क उतरवले, कर्नाटकाने त्यावर आणखी सात रुपये कमी केले. महाराष्ट्र थांबला. उदगीर, देवणी, औराद शहाजानीच्या माणसाला कर्नाटक हाकेच्या अंतरावर आहे. तिथला मालट्रक बिदरकडे टाकी भरून येतो तेव्हा लातूरचा रस्ता झिजतो, लातूरची हवा काळी होते आणि कर दुसऱ्या राज्यात जमा होतो. मुंबईत बसून लिटरांचा अंदाज बांधणाऱ्याला सीमेवरचा हा तालुका दिसायला हवा.

१४ जुलै २०२२ रोजी एकनाथ शिंदे यांच्या नव्या सरकारने पेट्रोल पाच आणि डिझेल तीन रुपयांनी उतरवले. वर्षाला सहा हजार कोटींचा बोजा पडेल, असे सांगितले. २०२० च्या लिटरांच्या मापाशी हा आकडा साधारण जुळतो. डिझेलवरचे ठरावीक रुपये शून्य झाले, म्हणजे हरित निधीचा रुपयाही तिथून गेला. तो गेल्याची स्वतंत्र घोषणा झाली नाही, तशी गरजही कोणाला वाटली नाही. पेट्रोलवर ५ रुपये १२ पैसे उरले. जून २०२४ मध्ये अजित पवारांनी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचे चढे दर बाकीच्या राज्याच्या पातळीवर आणले, पेट्रोलला २५ टक्के आणि डिझेलला २१ टक्के. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता आणि त्या उन्हाळ्यात मराठवाड्यात पुन्हा हजारावर टँकर फिरले होते. ५ रुपये १२ पैशांना त्या अर्थसंकल्पात हात लागला नाही.